किल्ली बरोबर, नाव चुकीचं

एक मध्यवर्ती सर्व्हर, त्याला आयपीसेक टनेलने (इंटरनेटवरून जाणाऱ्या झाकलेल्या वाटेने) जोडलेल्या शाखा, आणि सगळ्या शाखांना मिळून एकच प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्ही बाजूंना आधीच भरून ठेवलेला गुप्त शब्द. ही मांडणी काही वर्षं बिनबोभाट चालली होती. (यापुढे मी ‘किल्ली’च म्हणणार आहे. मराठी वाक्यात ‘की’ आली की ती चावी की अव्यय, हेच कळेनासं होतं.) मग एक शाखा बंद झाली आणि तिथला राऊटर जुन्या खुर्च्या-टेबलांबरोबर भंगारात गेला. आतलं कॉन्फिगरेशन पुसलं होतं का, हा प्रश्न आम्हाला दोन आठवड्यांनी सुचला. उत्तर ‘नाही’ असं आलं.

उरलेल्या सात शाखांच्या किल्ल्या बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. सहा शाखा दोन संध्याकाळींत उरकल्या. सातवीने मात्र चार दिवस खाल्ले. ही नोंद मुख्यतः सातवीची आहे, पण तिथवर पोचायला थोडी पार्श्वभूमी लागेल.

सर्व्हर लिनक्सवर, त्यावर टनेल सांभाळणारं स्ट्राँगस्वान. शाखांकडे वेगवेगळ्या काळात घेतलेले, वेगवेगळ्या बनावटीचे राऊटर. पाच शाखांना कायमचा सार्वजनिक पत्ता आहे. सहावी आणि सातवी नॅटमागे आहेत: त्यांच्या राऊटरपुढे आणखी एक मोडेम बसलेला, तो राऊटरला आतला खासगी पत्ता देतो, आणि बाहेरून दिसणारा पत्ता आज एक तर उद्या दुसरा.

आधी हे ठरवायचं होतं की भंगारातल्या राऊटरमुळे नेमकं काय उघडं पडलं. कोणीतरी म्हणालं, ‘म्हणजे आपला सगळा जुना डेटा आता कोणीही वाचू शकतं?’ तसं नाही. टनेलमधली माहिती ज्या चाव्यांनी झाकली जाते त्या दर वेळी डिफी-हेलमन देवाणघेवाणीतून (उघड्यावर बोलूनही दोघांनाच कळेल अशी चावी ठरवायच्या रीतीतून) नव्याने तयार होतात. प्री-शेअर्ड किल्लीचं काम समोरचा खरा आहे का, हे पटवण्याचं. त्यामुळे कोणी पूर्वीची वाहतूक नोंदवून ठेवली असली तरी नुसती किल्ली हाती लागून ती उलगडत नाही. पुढचं मात्र गंभीर होतं. ती किल्ली असलेला माणूस शाखा म्हणून आमच्यात शिरू शकत होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तोच माणूस वाटेत उभा राहून ‘मीच केंद्र’ असं कोणत्याही शाखेला सांगू शकत होता, हे पटायला वेळ लागला. सामायिक किल्ली दोन्ही बाजूंना सारखीच असते. तिच्यात मालक आणि पाहुणा असा भेद नाही. आणि एकच किल्ली सातांकडे असेल तर एका शाखेचं नुकसान सातांचं होतं.

सगळ्यांना एकच किल्ली हा आळशीपणा, असा शेरा बैठकीत आला. तो मला अन्यायाचा वाटला, कारण ज्याने ही मांडणी केली त्याच्यापुढे फारसा पर्याय नव्हता. टनेल उभं करताना दोन्ही बाजू ज्या नियमांनी एकमेकांची ओळख पटवतात आणि चाव्या ठरवतात तो प्रोटोकॉल म्हणजे आयकेई. जुनी मांडणी त्याच्या पहिल्या आवृत्तीवर होती, १९९८च्या आरएफसी २४०९मधल्या (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तिच्या मेन मोडमध्ये सहा निरोपांची देवाणघेवाण होते आणि शाखा आपलं नाव पाचव्या निरोपात सांगते, तेही झाकून. झाकायला वापरलेल्या चावीत प्री-शेअर्ड किल्ली मिसळलेली असते. म्हणजे नाव वाचायला आधी किल्ली हवी, आणि कोणती किल्ली काढायची हे कळायला आधी नाव हवं. या पेचातून सुटायला सर्व्हरकडे एकच खूण उरते: निरोप कोणत्या आयपी पत्त्यावरून आला. कायमचा पत्ता असलेल्या शाखांना त्यावरून वेगळी किल्ली देता येते. पत्ता रोज बदलणाऱ्या शाखांसाठी ‘कुठूनही आलं तरी ही किल्ली’ अशी सरसकट नोंद करावी लागते. आणि एकदा सरसकट नोंद आली की सोय म्हणून सगळेच तिच्यावर जाऊन बसतात.

दुसरी वाट अ‍ॅग्रेसिव्ह मोडची होती. त्यात तीनच निरोप, आणि नाव उघड्यावर जातं, म्हणून नावाप्रमाणे किल्ली निवडता येते. पण नावासोबत किल्लीवरून काढलेला हॅशही (ज्यावरून उलट किल्ली काढता येत नाही, पण अंदाज ताडून बघता येतो असा ठसा) उघड्यावरच जातो. तो टिपून घ्यायचा आणि घरी बसून शब्दकोशातले शब्द एकेक करून लावून बघायचे. सर्व्हरला कळतही नाही. आमच्या पूर्वसुरींनी ती वाट टाळली, हे शहाणपणाचंच होतं. त्यांची खरी चूक किल्लीच्या निवडीत होती: संस्थेच्या नावाचं लघुरूप आणि पुढे साल. बोखुम आणि ओपोले इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की किल्ली कच्ची असेल तर, वाटेत प्रत्यक्ष हस्तक्षेप करणाऱ्याला मेन मोडमध्येही ती अशीच मागाहून ताडता येते. पुढे एप्रिल २०२३च्या आरएफसी ९३९५ने पहिल्या आवृत्तीला अधिकृतपणे इतिहासजमा केलं. आम्ही तिच्यावर अजूनही होतो, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होतो.

दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे आता आरएफसी ७२९६मध्ये आहे त्या आयकेईत, हा पेच सुटला आहे. पहिल्या दोन निरोपांत डिफी-हेलमन उरकतं, पुढचं सगळं त्यातून निघालेल्या चाव्यांनी झाकलं जातं. शाखा तिसऱ्या निरोपात आपलं नाव सांगते आणि सोबत किल्लीवरून काढलेला पुरावा देते. प्री-शेअर्ड किल्ली लागते ती फक्त या पुराव्याला. सर्व्हर आधी नाव वाचतो, त्या नावाची किल्ली शोधतो, मग पुरावा ताडून बघतो. पत्ता बदलता असला तरी प्रत्येक शाखेला स्वतंत्र किल्ली देता येते. गंमत अशी की किल्ली मुख्य चाव्यांमधून बाहेर काढल्याने एक जुना फायदा गेला. भक्कम किल्ली असलेली पहिली आवृत्ती उद्याच्या क्वांटम संगणकापुढेही टिकेल असं मानलं जात होतं. तो गुण दुसरीत परत आणायला २०२०मध्ये आरएफसी ८७८४ लिहावी लागली. आमच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण एक गाठ सोडवताना दुसरी कशी बसते याचा हा चांगला नमुना आहे.

किल्ल्यांऐवजी सर्टिफिकेट का नाही, हा प्रश्न रास्त आहे. शाखांची संख्या शंभर असती तर मी किल्ल्यांचा विचारही केला नसता. सातांसाठी स्वतःचं प्रमाणपत्र केंद्र उभं करायचं, मुदती सांभाळायच्या, आणि मुदत संपली त्या रात्री फोन घ्यायचा, हे करायला आमच्याकडे माणूस नाही. प्रत्येक जोडीला स्वतंत्र, यदृच्छेने (रँडम) काढलेली, लांब किल्ली असेल तर मला ती मांडणी कमी प्रतीची वाटत नाही. फक्त किल्ली खरोखर यदृच्छ हवी. दुसऱ्या आवृत्तीतही नुसतं ऐकणाऱ्याला काही मिळत नाही, पण केंद्राचं सोंग घेऊन उभा राहणारा शाखेकडून तो पुरावा वसूल करू शकतो आणि मग निवांत अंदाज लावू शकतो. शब्दकोशातली किल्ली असेल तर तिचं आयुष्य तिथेच संपलं.

म्हणून ओपनएसएसएलकडून २४ यदृच्छ बाइट घेतले. म्हणजे १९२ बिट, बेस-६४मध्ये (बाइट साध्या अक्षर-अंकांत लिहायच्या पद्धतीत) बरोबर ३२ अक्षरं, शेवटी ‘=’ हे भरतीचं चिन्हही येत नाही. ३२वर थांबण्याचं कारण अगदी व्यावहारिक होतं: एका राऊटरचा वेब फॉर्म त्यापुढची अक्षरं काहीही न बोलता कापून टाकत होता.

पाच शाखांच्या राऊटरवर एसएसएचने, म्हणजे दुरूनच सुरक्षितपणे, जाता येत होतं. किल्ली तिथेच टाकली, सर्व्हरवर त्या-त्या पत्त्याच्या नावे नोंदवली, जुनं टनेल पाडलं, नवं उभं राहिलं. यात एकच गोष्ट सांगण्यासारखी: टनेल मुद्दाम पाडावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीत ठरावीक वेळाने चाव्या बदलतात, पण त्या वेळी ओळख पुन्हा तपासली जात नाही. स्ट्राँगस्वानच्या नव्या कॉन्फिगरेशन पद्धतीत आयकेईच्या मुख्य चाव्या मूळ सेटिंगनुसार चार तासांनी बदलतात. पुन्हा ओळख पटवण्याचं सेटिंग मात्र मुळात बंद असतं. चुकीची किल्ली भरून ठेवली तरी चालू टनेल आठवडाभर हिरवं दिसू शकतं आणि वीज गेली त्या दिवशी बोंब होते. ‘बदललं आणि चालतंय’ या वाक्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये; पाडून परत उभं केलं का, ते विचारावं.

सहाव्या शाखेत एसएसएच नव्हतं. किल्ली फोनवरून सांगायची ठरली. बेस-६४ फोनवर सांगणं म्हणजे शिक्षा आहे: ‘एल लहान की आय मोठा’, ‘शून्य की ओ’, प्रत्येक अक्षराला दोन प्रश्न. तिसऱ्या ओळीला दोघंही वैतागलो. मग तेच २४ बाइट हेक्समध्ये (सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत) लिहिले. अक्षरं ४८ झाली, पण फक्त शून्य ते नऊ आणि ए ते एफ, चार-चारच्या गटात. तीन मिनिटांत सांगून झालं. (या राऊटरला लांबीची अडचण नव्हती, आधी तपासलं होतं.) टनेल उठेना. सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ होती, तिचा अर्थ असा: या जोडीसाठी एक सामायिक किल्ली लावून पाहिली, पण मॅक (म्हणजे किल्लीवरून काढलेला तो पुरावा) जुळला नाही.

कारण तासाभरात सापडलं. सर्व्हरवर किल्ली भरताना माझ्या सहकाऱ्याने, हेक्स आहे म्हणून, पुढे शून्य-एक्स लावलं होतं. स्ट्राँगस्वानला त्याचा अर्थ कळतो: पुढची अक्षरं मजकूर नाही, हेक्स आहे, उलगडून घ्या. त्याने २४ बाइट घेतले. राऊटरने मात्र तीच ४८ अक्षरं मजकूर म्हणून जशीच्या तशी घेतली. कागदावर दोन्हीकडे एकच किल्ली, यंत्रांच्या लेखी दोन वेगळ्या. शून्य-एक्स काढलं, टनेल उठलं. पुढे लक्षात ठेवायला: शून्य-एसने सुरू होणारी किल्लीही तिथे बेस-६४ समजून उलगडली जाते, आणि बेस-६४ मजकुराची सुरुवात योगायोगाने तशी होऊ शकते.

या यशानेच मला सातव्या शाखेत बुडवलं.

सातवीचा राऊटरही नॅटमागचा. किल्ली सांगितली, भरली, टनेल उठेना, आणि लॉगमध्ये तीच ओळ: एक किल्ली लावून पाहिली, मॅक जुळला नाही. नुकताच याच ओळीचा रोगी बरा केला होता, तेव्हा निदान तयारच होतं. किल्ली चुकीची भरली असणार. पुन्हा सांगितली. पुन्हा भरली. नवी बनवून भरली. मागेपुढे रिकामी जागा राहिली का, पाहिलं. राऊटरमध्ये पेस्ट करताना शेवटी अदृश्य ओळ-बदल चिकटतो का, म्हणून हाताने टाइप करवली. तिथला माणूस फार सोशिक होता. चौथ्या वेळी तो म्हणाला, ‘अहो, आता मला पाठ झालीये.’ आणि त्याने ती न बघता, बिनचूक म्हणून दाखवली. सुरक्षेच्या दृष्टीने हे भयंकर होतं, निदानाच्या दृष्टीने उपयोगी. किल्ली बरोबर होती, यात आता शंका उरली नव्हती.

मधले दोन दिवस मी भलत्याच दिशांना घालवले. यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट मोडेम अडवतो का, ते तपासलं. अडवत असता तर संभाषण ओळख पटवण्यापर्यंत पोचलंच नसतं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. एन्क्रिप्शनचे प्रस्ताव जुळवून पाहिले. ते जुळत नसते तर पहिल्याच उत्तरात ‘प्रस्ताव पसंत नाही’ असं आलं असतं. आयकेईच्या चुका पायऱ्यांनी होतात आणि तुम्ही किती पायऱ्या चढलात हे लॉग सांगतो. मॅकपर्यंत पोचलो म्हणजे त्याखालचं सगळं ठीक होतं. मी वर बघायचं सोडून खालच्या पायऱ्या पुसत बसलो होतो.

तोड सापडली ती अर्धवट योगायोगाने. सगळं बिनसलं तर मागे फिरता यावं म्हणून सर्व्हरवर जुनी सरसकट जोडणी आणि जुनी सरसकट किल्ली मी तशीच ठेवली होती. चौथ्या रात्री, सहाही शाखा नव्या किल्ल्यांवर स्थिर आहेत हे पाहून, ती जुनी किल्ली थोड्या वेळासाठी काढली. सातव्या शाखेचा पुढचा प्रयत्न झाला आणि लॉगमधली ओळ बदलली. आता तिचा अर्थ होता: केंद्र आणि १९२.१६८.१.२ या जोडीसाठी किल्ली सापडली नाही.

१९२.१६८.१.२? आमच्या नोंदीत सातव्या शाखेचं नाव ‘शाखा-सात’ होतं. हा पत्ता तर तिच्या मोडेमने राऊटरला आतल्या बाजूला दिलेला.

मग लॉग वर सरकवला आणि चार दिवस डोळ्यांसमोर असलेली ओळ वाचली. मॅकच्या ओळीच्या थोडं वर, कोणती जोडणी निवडली ते लिहिलेलं होतं: जुनी, सरसकट. मॅकच्या ओळीतही अवतरणचिन्हांत दोन नावं छापलेली होती आणि त्यातलं दुसरं हेच १९२.१६८.१.२ होतं. मी ‘मॅक जुळला नाही’ एवढंच वाचत होतो आणि नावांवरून नजर घसरत होती.

झालं होतं ते असं. राऊटरमध्ये ‘लोकल आयडी’ नावाचा रकाना रिकामा होता. रिकामा असेल तर तो राऊटर आपला बाहेरच्या बाजूचा पत्ता नाव म्हणून पाठवतो, आणि नॅटमागे तो पत्ता खासगी असतो. सर्व्हरने नाव वाचलं, या नावाची जोडणी शोधली, ‘शाखा-सात’शी ते जुळलं नाही. कोणालाही घेणारी जुनी जोडणी मात्र जुळली. ती खरं तर पहिल्या आवृत्तीसाठी होती, पण तिच्यात आवृत्ती लिहिलेलीच नव्हती, आणि न लिहिल्यास स्ट्राँगस्वान दोन्ही आवृत्त्या स्वीकारतो. मग या नावाला लागू पडणारी किल्ली शोधली. सापडली ती जुनी सरसकट किल्ली. शाखेने पुरावा नव्या किल्लीवरून काढलेला, सर्व्हरने तो जुन्या किल्लीशी ताडला. मॅक जुळण्याचा प्रश्नच नव्हता. पाठ झालेली ती ३२ अक्षरं सर्व्हरने एकदाही हातात घेतली नव्हती. सहाव्या शाखेत हा घोळ झाला नाही, कारण तिथे तो रकाना पूर्वीच कोणीतरी भरून ठेवला होता.

म्हणजे एकच ओळ दोन वेगळ्या दुखण्यांची खूण होती. सहावीत नाव बरोबर आणि किल्ली चुकलेली. सातवीत किल्ली बरोबर आणि नाव चुकलेलं. प्री-शेअर्ड किल्ली हा नुसता गुप्त शब्द नाही, ‘या नावाला हा शब्द’ अशी ती जोडी आहे, हे मला पाठ्यपुस्तकी अर्थाने ठाऊक होतं. तरीही तपासताना मी फक्त शब्द तपासत राहिलो.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. लोकल आयडीत ‘शाखा-सात’ भरलं. त्या रकान्याशेजारी प्रकार निवडायची यादी होती: आयपी पत्ता, डोमेन नाव, ईमेल, की-आयडी. इथेही थोडं जपावं. आयकेई नावासोबत त्याचा प्रकारही अंकाने पाठवतं: आयपीव्ही-४ पत्ता १, डोमेन नाव २, ईमेल ३, की-आयडी ११. अक्षरं तीच असली तरी प्रकार वेगळा म्हणजे प्रोटोकॉलच्या लेखी नाव वेगळं. दोन्हीकडे डोमेन नाव ठेवलं, टनेल उठलं. पाठ झालेली किल्ली त्याच रात्री बदलली.

आणि जुनी सरसकट जोडणी, तिच्या किल्लीसकट, तेव्हाच कायमची काढली. या प्रकरणातली माझी मोठी चूक लोकल आयडी नव्हे, ही होती. परतीची वाट म्हणून ठेवलेल्या त्या नोंदीमुळे खरी चूक झाकली गेली, इतकंच नाही. ती नोंद होती तोवर भंगारातला राऊटर आत येऊ शकत होता. सहा शाखांना १९२ बिटांच्या किल्ल्या देऊन मी समाधानाने बसलो होतो आणि मागचं दार, साल जोडलेल्या लघुरूपाने उघडणारं, चार दिवस सताड उघडं होतं. लॉग चाळले, त्या काळात अनोळखी पत्त्यावरून टनेल उभं राहिल्याची नोंद मिळाली नाही. परतीची वाट हवीच असेल तर ती एका शाखेपुरती, तिच्या नावाने आणि वेगळ्या किल्लीने ठेवायला हवी होती.

बाकीची झाडलोट छोटी होती. किल्ल्यांची फाइल कॉन्फिगरेशनच्या गिट भांडारातून बाहेर काढली, तिची परवानगी फक्त रूटपुरती ठेवली. प्रत्येक जोडणीत आवृत्ती २ असं स्पष्ट लिहिलं. शाखा बंद करण्याच्या कामांच्या यादीत दोन ओळी वाढवल्या: सर्व्हरवरून त्या शाखेची किल्ली काढणे, आणि राऊटर फॅक्टरी रीसेट करून मगच हलवणे.

तीन महिन्यांनी सातव्या शाखेच्या राऊटरचं फर्मवेअर बदललं आणि लोकल आयडीचा रकाना पुन्हा रिकामा झाला. शाखेकडून फोन आला तेव्हा तिथल्या माणसाने पहिलंच विचारलं, ‘किल्ली सांगू का?’ या वेळी लॉगमध्ये मॅकचा उल्लेख नव्हता. १९२.१६८.१.२ या नावाला जुळणारी जोडणी नाही, एवढंच होतं. मी त्याला रकान्याचं नाव सांगितलं, फोन ठेवायच्या आत टनेल उठलं.